सोळा आण्यांचा खडक

एका सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता मी विहिरीत टेप सोडला. पाणी अडतीस फुटांवर लागले. त्याआधीच्या गुरुवारी, त्याच विहिरीत, ते सत्तावीस फुटांवर होते. मधल्या चार दिवसांत विहिरीवरची मोटर चालली नव्हती. रशीदने आकडा विचारला. मी सांगितला. त्याने तो वहीत लिहिला आणि वही मिटली.

हिराबाई विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. त्यांनी आकडा विचारला नाही. त्यांना तो माहीत होता.

भूजलाच्या सरकारी खात्यात मी एकतीस वर्षे काढली. ओळख करून देताना मी हे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे पाणी शोधून देता?" नाही. शोधणारे वेगळे. मी मोजत असे. ठरलेल्या विहिरी, वर्षातून चार वेळा. टेपच्या शेवटच्या काही फुटांना खडू फासायचा, ठरलेल्या खुणेपर्यंत टेप आत सोडायचा आणि वर ओढायचा. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी, पुढची वजाबाकी. माझ्या मुलीने चौथीत असताना निबंधात लिहिले होते, 'माझे बाबा विहिरीत खडू बुडवतात आणि त्याचा त्यांना पगार मिळतो.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. वाक्य अगदी बरोबर होते.

गिऱ्हाइके मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. हातावर नारळ घेऊन पाणी दाखवणारा एक पाणाड्या दर उन्हाळ्यात आमच्या कचेरीत येई. दार लोटून घेऊन हळूच म्हणे, "साहेब, अमक्या गटात किती फुटांवर लागतं तेवढं सांगा, नारळ मी उभा करतो." एकदा एका कारखान्यातून फोन आला. बोलणारे गृहस्थ फार सभ्य. आमच्या प्लॉटखाली किती लिटर पाणी शिल्लक आहे, ते लेखी मिळेल का, असे ते विचारत होते. रशीद शेजारीच चहा पीत होता. तो म्हणाला, "सर, त्यांना सांगा, पासबुक घेऊन या, भरून देतो."

रशीद आमच्या जीपचा चालक. चाकणचा. वडिलांचे मोटर भरायचे दुकान होते, म्हणजे जळालेल्या पंपाची तार काढून नवी गुंडाळायचे. त्यामुळे शेतातल्या मोटरीचा आवाज ऐकूनच तो तिची तब्येत सांगे. मी सीटवर पुस्तक उघडून बसणारा, तो बॉनेट उघडून उभा राहणारा. बावीस वर्षे आम्ही एका गाडीत बसलो आणि आमचे भांडण एकाच गोष्टीवरून होई. मी गाडीत वाचतो आणि मग मला मळमळते, यावरून.

जमिनीखाली नदी वाहते, अशी बऱ्याच लोकांची समजूत असते. आमच्या भागात तसे काही नाही. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मग काळा खडक. पाणी असते ते मुरमात आणि खडकाच्या फटींत, जुन्या भिंतीत ओल उतरते तसे. एका उताराखालचा खडक एकच. त्यावर वीस जणांची राने असली, वीस सातबारे असले, तरी खाली वाटण्या झालेल्या नसतात. एका ताटात जेवणाऱ्या भावंडांत जो सावकाश जेवतो तो उपाशी उठतो. म्हणून सगळेच भराभर जेवतात. मी आज मोटर बंद ठेवून वाचवलेले पाणी उद्या शेजाऱ्याच्या बोअरमध्ये निघत असेल, तर वाचवायचे कशाला? शिवाय शेतीपंपाचे बिल मोटर किती अश्वशक्तीची आहे यावर येते, ती किती तास चालली यावर नाही. उपसायला जास्तीचे काही पडत नाही; न उपसणाऱ्याचेच नुकसान. यात कोणी लबाड नसतो. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा असतो आणि सगळे मिळून खडक कोरडा करतात. या विषयावरचे जाडजूड ग्रंथ मी वाचले आहेत. त्यांत यापेक्षा फार वेगळे काही नाही.

आता ती वाडी. महाळुंग्याच्या पलीकडे, तिन्ही बाजूंनी कारखाने आणि मध्ये कांद्याची राने. नाव लिहीत नाही. तिथले लोक अजून तिथेच आहेत. वाडीत एका भावकीची सामाईक विहीर होती. आमच्याकडे जुन्या विहिरींत आण्यांनी हिस्से असतात. अख्खी विहीर सोळा आण्यांची, आणि आठ दिवसांची पाळी. ज्याचा एक आणा त्याला अर्धा दिवस पाणी. या विहिरीत हिराबाईंचे चार आणे, त्यांच्या चुलत दिराचे चार, आणि पुतण्या बाळासाहेब याचे आठ. ही पाळी तीन पिढ्या बिनबोभाट चालली होती.

मग बाळासाहेबांनी विहिरीपासून सत्तर पावलांवर, स्वतःच्या रानात, तीनशे फुटांचा बोअर घेतला. पाळी मोडली नाही. बोअरला कुठे पाळी असते? त्या पाण्यावर आधी कांदा केला, मग टँकर भरू लागले. कारखान्यांची कँटीन, बागा, बांधकामे. गिऱ्हाईक दारात येत होते. कांद्याला भाव मिळेल का, याची चिंता असते. टँकरला ती नव्हती.

हिराबाईंची मोटर अर्ध्या तासात कोरडी पडू लागली. नवरा बरीच वर्षे झाली गेलेला. मुलगी सुमन सासर सोडून परत आलेली, महाळुंग्यात एका कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. हिराबाईंना आपले चार आणे सुमनच्या नावावर करायचे होते. बाळासाहेब म्हणत, "काकी, कोरड्या विहिरीतला हिस्सा ठेवून काय करणार? मला लिहून दे. सुमनचंही भलं होईल." माणूस वाईट नव्हता. त्याला ते खरेच भले वाटत होते.

त्या वर्षी ऑक्टोबरात ग्रामसभेने मला बोलावले. त्याच उतारावरच्या आणखी दोघांना बोअर घ्यायचे होते आणि हिराबाईंचा विरोध होता. मी वही उघडली आणि सांगितले की, गेल्या पाच वर्षांत विहिरीच्या पातळीत फारसा फरक नाही.

हिराबाई उठून म्हणाल्या, "मंग माजी मोटर आर्ध्या घंट्यात का कोरडी पडती?"

मी म्हणालो, "विहिरीत गाळ साचला असेल."

दिवाळी झाली आणि दोन्ही बोअर झाले.

जानेवारीच्या मोजणीला गेलो तेव्हा हिराबाई विहिरीवर वाट पाहत होत्या. सत्तावीस फूट. मी त्यांना आकडा सांगितला, थोडा समाधानानेच.

"सायेब, तुमी दर येळंला गुरवारीच का येता?"

रशीद म्हणाला, "रस्ता मोकळा असतो, मावशी. बाकीच्या दिवशी चाकणच्या चौकात तास दीड तास जातो."

"व्हय ना. आन् रस्ता मोकळा का आसतो?"

गुरुवार हा आमच्या पट्ट्याचा रविवार. लहानमोठे कारखाने त्या दिवशी बंद असतात, हे शाळेतले पोरही सांगेल. हिराबाई सांगू लागल्या, आणि मी खडूने माखलेले हात तसेच धरून ऐकत राहिलो. बुधवारी सांजेला टँकर थांबतात. बोअर बंद. विहिरीला पाझर लागतो आणि गुरुवारी सकाळी पाणी वर आलेले असते. पण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात तीही बहुतेक गुरुवारीच. म्हणजे विहिरीत पाणी असते तेव्हा हिराबाईंच्या मोटरीला वीज नसते. शुक्रवारी वीज येते, आणि तिच्याबरोबर टँकरही येतात.

"गुरवारी समदं निजल्यालं आसतं, सायेब. निजल्याल्या माणसाची नाडी बघून तुमी सांगता, ताप न्हाई."

जीपमध्ये बसल्यावर रशीदने चावी फिरवली. मग म्हणाला, "सर, सोमवारी चौकात दोन तास गेले तरी चालतील. पुस्तक जाडं घ्या."

तो सोमवार मी वर सांगितला आहे.

पाच वर्षांच्या नोंदी. वर्षातून चार. प्रत्येक नोंद गुरुवारची. आकडे सगळे खरे होते. मी एकही बोट इकडचे तिकडे केले नव्हते. तरी त्या वहीने वाडीला खोटेच सांगितले होते, आणि तिच्यावर माझी सही होती. कचेरीत जाऊन मी प्रत्येक आकड्यापुढे लाल शाईने 'गुरुवार' असे लिहिले. वरिष्ठांनी विचारले, "आता या आकड्यांचं करायचं काय?"  

पुन्हा ग्रामसभेपुढे उभे राहायचे होते. मी आठ दिवस चालढकल केली. रशीद म्हणाला, "बोलायचं कधी? का त्याला पण गुरुवारच बघायचाय?" आणि खरोखर गुरुवारच मिळाला, कारण वाडीतली निम्मी माणसे कंपन्यांत आणि सभा सुट्टीच्या दिवशीच भरते.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, मागच्या वेळी मी चुकीचे सांगितले. मग मागून कोणी तरी विचारले, "मागच्या टायमाला काय बघून सांगितलं होतं, साहेब?"

"सुट्टीचा दिवस बघून."

एक हसला, मग सगळे हसले. मला बरे वाटले. हसणाऱ्यांना पुढचे सांगता येते.

बाळासाहेब हसले नाहीत. "साहेब, विहीर पंचेचाळीस फूट, बोअर तीनशे. पाणीच वेगळं आहे राव. उगीच माझ्या धंद्यावर येऊ नका."

मी त्यांना बोअरचे चित्र काढून दाखवले. वरच्या वीस फुटांना पाइप असतो, माती ढासळू नये म्हणून. खाली नुसता उघडा खडक. ज्या फटींतून विहिरीला पाणी येते त्याच फटी कापून बोअर खाली गेलेला. वरचे पाणी त्यात गळते आणि मोटर ते खालून उचलते. पण चित्र पाहून कोणी धंदा बंद करत नाही. तेव्हा रशीद पुढे झाला. त्याचा सभेशी काही संबंध नव्हता. तो दाराशी चपला राखत बसला होता.

"शेठ, एक विचारू? मोटर किती वेळा भरली?"

"दोनदा. का?"

"दोन्ही वेळा उन्हाळ्यात?"

बाळासाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"पाणी संपलं की ती हवा ओढते. हवा ओढली की जळते. मी त्या सोमवारी ऐकली. यंदा उन्हाळ्यापर्यंत पण टिकायची नाही. वाटल्यास आमच्या साहेबांचं ऐकू नका, मोटरचं ऐका."

हिराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाळ्या, तीन दीस बंद ठिव. म्यां खरी निगाले तर बघू. न्हाई निगाले तर चार आणं तुला लिवून देती, फुकाट."

सुमनने आईचा हात धरला. हिराबाईंनी तो सोडवून घेतला. सभेत चारशे माणसे असती तरी त्या हेच बोलल्या असत्या, असे मला वाटते. माझ्या चुकीची भरपाई म्हणून हिराबाईंनी आपल्या लेकीचा हिस्सा लावला होता.

नव्या दोघांचे धरून तिन्ही बोअर तीन दिवस बंद ठेवले, मग तीन दिवस चालू. रशीदने सुमनला टेप वाचायला शिकवले. ती पहिल्या शिफ्टला जाताना एकदा आणि परतल्यावर एकदा टेप सोडायची आणि आकडा विहिरीच्या कठड्यावर खडूनेच लिहायची. माणसे क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी विचारत येत. बंदच्या तीन दिवसांत पाणी पंधरा फूट वर आले. बोअर सुरू झाले आणि ते जिन्यावरून उतरावे तसे खाली गेले. शेवटच्या दिवशी बाळासाहेब स्वतः आले, सुमनच्या हातून टेप घेतला, सोडला, ओढला, भिजलेल्या खडूकडे पाहत राहिले.

"च्यायला," ते म्हणाले, "विहिरीत आठ आणे माझेच की राव. माझंच पाणी मी पळवतोय."

चुलतीचे पाणी पळवतोय, असे ते म्हणाले नाहीत. पण मी इतक्या वर्षांत शिकलो ते हेच. माणसाला दुसऱ्याचे नुकसान समजावत बसू नये, त्याचे स्वतःचे दिसेल अशी सोय करावी.

पुढच्या तीन गुरुवारी सभा झाल्या. मी नियमांची एक यादी टाइप करून नेली होती. खोली, अंतर, तास. कोणी ती धड वाचली नाही. तोडगा हिराबाईंचा.

"हिरीला आणं हायती, मंग बोरला का न्हाईत? खडक येकच हाय न्हवं? खडकाचंच सोळा आणं करा."

इतके सोपे. ग्रंथांत मी ते कुठे वाचले नव्हते. पाळी ही त्यांच्या हाडात होती. नवे काही शिकवायचे नव्हते, जुने सत्तर पावले पुढे न्यायचे होते. पण आणे सोळाच आणि माणसे तिनाची पाच झालेली. कोणी तरी सोडल्याशिवाय जमणार नव्हते. नव्या बोअरवाल्या दोघांची जमीन त्याच खडकावर. त्यांना नाही म्हणता येईना. आणि त्यांनी बोअर घेतले होते ते माझ्या सांगण्यावर. दोन सभा त्यातच गेल्या. शेवटी हिराबाईच म्हणाल्या, "कोरडं चार आणं घिऊन मी काय त्यांची पूजा करू? माजा येक काढा. वलं तीन द्या."

त्यांनी सोडल्यावर दिरांना धरून ठेवता येईना. बाळासाहेबांनी आठातले दोन सोडले, तोंड वाकडे करून. नव्या दोघांना दोन दोन आले. सहा, तीन, तीन, दोन, दोन. ज्याची पाळी त्याने विहिरीतून घ्यावे किंवा बोअरमधून, बाकीच्यांच्या मोटरी बंद. टँकर होळीपर्यंत, तेही आपल्याच पाळीत. बाळासाहेबांचे टँकर कमी झाले, पण मोटर जळायची थांबली.

सगळे गोडीगुलाबीने चालले, असे लिहिले तर रशीद वर बसून हसेल. दुसऱ्याच उन्हाळ्यात बाळासाहेबांकडे एका बांधकामाचे मोठे काम आले आणि चैत्रात, दिरांच्या पाळीत, टँकर बोअरपाशी लागला. हिराबाई भाकरीचे गाठोडे घेऊन गेल्या आणि मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून बसल्या.

"काकी, उठ."

"जेवती."

"किती वेळ जेवणार?"

"दात ऱ्हायलं न्हाईत, बाळ्या. येळ लागतो."

टँकर रिकामा गेला. बाळासाहेबांच्या बायकोने चुलत सासूला ताक आणून दिले. त्यानंतर तसा प्रसंग आला नाही, निदान माझ्या कानावर नाही.

पुढे नव्या दोघांपैकी एकाने जमीन गोदामाला विकली. त्याच्या दोन आण्यांचे काय? गोदामाला पाणी द्यायला कोणी तयार नव्हते आणि एकाने घ्यावेत तर चौघे भांडणार. म्हणून ते कोणाचेच नाहीत असे ठरले. आठातला तो एक दिवस सगळ्या मोटरी बंद असतात. वाडी त्याला खडकाची पाळी म्हणते. माझ्या नोकरीत मी जे काही पाहिले त्यात ही एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, आणि तिच्यात माझा काडीचाही वाटा नाही. त्या एका दिवसाचा फायदा चौघांनाही होतो.

हिराबाईंचा त्या पहिल्या वर्षीचा कांदा मात्र गेला. अर्धे रान करपले. ते माझ्या ऑक्टोबरच्या बोलण्यामुळे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. मी म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी सोमवारी आलाव न्हवं."

निवृत्त झाल्यावर मी तळेगावात पुस्तकांत रमलो. रशीद रमला नाही. तो महिन्यातून एकदा दुचाकीवरून वाडीत जाई, सुमनच्या नोंदी तपासे आणि संध्याकाळी मला फोनवर आकडा सांगे. वार न चुकता आधी सांगायचा. "मंगळवार, सर. एकोणतीस." एवढेच बोलणे. आमच्या वयात एवढे पुष्कळ असते.

दोन वर्षांपूर्वी, रमजान ईदनंतर आठवड्याने, तो गेला. सकाळी दुकानात पुतण्याला मोटर भरताना काही सांगत होता आणि मधेच खाली बसला. हिराबाई चाकणला त्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोशेजारी दुपारपर्यंत बसल्या. मी दफनाला गेलो होतो. त्यानंतर वर्षभर वाडीकडे फिरकलो नाही. गाडीत शेजारी दुसरे कोणी बसलेले मला चालले नसते.

मग सुमनचा फोन येऊ लागला. रशीदच्या ठरलेल्या वेळेला, त्याच्याच पद्धतीने. वार, आकडा, आणि मग, "जेवलात का काका?" हे शेवटचे मात्र तिचे स्वतःचे. हा मजकूर लिहायला मला चार महिने लागले. रोज थोडे लिहिले. रशीदविषयी भूतकाळात लिहायची सवय हाताला लवकर होत नाही. आता झाली आहे, आणि त्याचे वाईट वाटत नाही.

गेल्या वर्षी सुमनच्या कंपनीचे कंत्राट संपले. तिने दुसरे शोधले नाही. हिराबाई आता रानात जात नाहीत. ओट्यावर बसून पाळीचे दिवस बोटांवर मोजतात आणि चुकत नाहीत. मी या महिन्यात वाडीत जाऊन आलो. सुमनची कांद्याची रोपे लावून झाली आहेत. तीन आणे सुमनच्या नावावर आहेत, आणि त्यांना गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे कांदा निघेपर्यंत, पाणी असते.